शुश्रूषा करणाऱ्यांमधील वाद: स्वभावाचा दोष की कामाचा भार?

मरणासन्न रुग्णांची किंवा मनोरुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या चमूत खटके उडू लागले की ‘त्या दोघींचे पटत नाही’ असे निदान करून एकीची दुसऱ्या वॉर्डात बदली केली जाते. मात्र बदलीनंतर तोच वाद नव्या माणसांत का उभा राहतो, याचा विचार सहसा होत नाही. मनोविश्लेषक टॉम मेन यांनी इंग्लंडमधील कॅसल रुग्णालयातील अनुभवावर १९५७ मध्ये लिहिलेला ‘द एलमेंट’ हा निबंध या समजाला मुळातूनच धक्का देतो. तेथील परिचारिकांच्या बैठकींत गुंगीच्या औषधांची चर्चा सुरू झाली, तेव्हा हळूहळू असे उघड झाले की औषध देण्याची वेळ केवळ रुग्णाच्या अवस्थेवर नव्हे, तर परिचारिकेची सहनशक्ती संपण्यावरही ठरत होती. आणि हे एकमेकींसमोर बोलता येऊ लागल्यावर त्या औषधांचा वापर बराच घटला. पुढे काही विशेष अवघड रुग्णांचा मागोवा घेतला असता त्यांच्याभोवती कर्मचाऱ्यांचे दोन तट पडलेले आढळले: एका तटाला वाटे की रुग्ण आपल्यालाच कळला असून बाकीचे निष्ठुर आहेत, तर दुसऱ्याला वाटे की पहिले त्याचे नको तितके लाड करीत आहेत. म्हणून चूक कोणाची हे ठरवण्याआधी कोणत्या रुग्णापाशी कोणाची किती शक्ती खर्ची पडते, हे विचारणे अगत्याचे आहे.

वाद नसलेला चमू उत्तम, हाही असाच एक समज. संशोधक एमी एडमंडसन यांच्या १९९६ च्या अमेरिकेतील अभ्यासात, ज्या वॉर्डांचे नेतृत्व व सहकार्य चांगले होते तेथेच औषधांच्या चुका अधिक नोंदल्या गेल्या, कारण तेथे चूक सांगण्याची भीती कमी होती; म्हणजे चमूतली शांतता भीतीपोटीही असू शकते. भारतीय रुग्णालयांत ज्येष्ठांपुढे गप्प बसण्यालाच अनेकदा शिस्त मानले जाते, ही म्हणूनच खरी काळजीची बाब आहे.

वादाचे आणखी एक मूळ व्यवस्थेत असते. योग्य काय ते कळत असूनही व्यवस्थेच्या बंधनांमुळे ते करता न येण्याच्या यातनेला नीतिशास्त्राचे अभ्यासक अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये ‘नैतिक क्लेश’ या अर्थाची संज्ञा दिली. अखेरच्या दिवसांत नातेवाइकांच्या आग्रहाखातर डॉक्टर सलाइन लिहून पुढच्या खाटेकडे जातात, आणि सुजलेल्या हातावर शीर शोधत पुन्हापुन्हा सुई टोचण्याचे काम परिचारिकेच्या वाट्याला येते. तिने आवाज चढवला की तो उद्धटपणा ठरतो. येथे समजूत घालण्याने काही साधत नाही. उपचार कशासाठी चालू आहेत हे रुग्ण, नातेवाईक आणि डॉक्टर यांच्या बैठकीत, त्या परिचारिकेलाही बसवून, ठरवावे लागते आणि केसपेपरवर लिहावे लागते, म्हणजे रात्रपाळीला येणाऱ्या परिचारिकेला तोच वाद नव्याने घालावा लागत नाही.