घरांतील थंडावा आणि विजेचें बिल

उन्हाळा भरांत आला, कीं विदर्भ, मराठवाडा, सोलापूर या भागांत पारा ४० अंशांच्या वर चढतो. आणि पाठोपाठ विजेचें बिल घरीं येऊन पडतें. तें पाहून वडील माणसें चिंतेंत पडतात, व कित्येक घरीं पंखा बंद ठेवून काटकसर करण्याचा बेत ठरतो. परंतु तिचा भार पडतो तो वृद्ध आजीवर आणि तान्ह्या मुलावर. आमच्या मतें ही खरी काटकसर नव्हे. घरांत शिरलेली उष्णता बाहेर काढण्यास पैसे पडतात. ती मुळांत शिरूं न देण्यास फारसे पडत नाहींत. एवढें तत्त्व ध्यानांत धरिलें, म्हणजे पुढील उपाय सहज समजतील.

प्रथम छप्पर पाहूं. सिमेंटाची गच्ची दिवसभर ऊन पिते आणि रात्रीं तीच उष्णता खालच्या खोलींत सोडिते. पांढरा रंग सूर्यकिरण परत फेंकितो. सबब उन्हाळ्यापूर्वीं गच्चीवर चुन्याचे दोन हात द्यावे. दुसरी वाट खिडकीची. आंतला पडदा ऊन अडवितो खरा, पण तोंपर्यंत तें कांचेंतून आंत आलेलें असतें. म्हणून पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून चटई टांगणें अधिक गुणकारी. दारें-खिडक्या दुपारीं मिटाव्या व रात्रीं उघडाव्या.

वाळ्याचे ओले पडदे व पाण्याचा माठ यांचें रहस्य एकच आहे. पाण्याची वाफ होतांना तें भोंवतालची उष्णता शोषून घेतें. एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारें ५८० कॅलरी लागतात. उलट एक ग्रॅम पाणी एका अंशानें निवविण्यास एकच कॅलरी काढून घ्यावी लागते. मात्र कोंकणांतील दमट हवेंत हा उपाय फारसा चालत नाहीं. तेथें वारा खेळता ठेवणें हेंच बरें.

आतां थोडा हिशेब. एक हजार वॅटचें उपकरण एक तास चाललें, म्हणजे एक युनिट वीज खर्च होते. छताचा जुना पंखा सुमारें ७५ वॅट घेतो, बी.एल.डी.सी. जातीचा नवा पंखा सुमारें ३०. रोज १५ तास चालविल्यास महिन्याकांठीं एका पंख्यामागें सुमारें २० युनिटें वांचतात. महावितरणच्या घरगुती दरांत १०० युनिटांपुढें व पुन्हा ३०० युनिटांपुढें दर चढतो. म्हणून वांचतें तें नेहमीं सर्वांत महाग युनिट. शिवाय पंखा खोली थंड करीत नाहीं. तो अंगावरील घाम वाळवून आपणांस गार करितो. तेव्हां रिकाम्या खोलींत तो फिरविणें व्यर्थ होय. वातानुकूलन यंत्र असल्यास तें २४ अंशांवर ठेवावें.

एक सूचना मात्र विसरूं नये. हवा ४० अंशांवर गेली, कीं नुसता पंखा अंगावर उष्ण वाराच आणितो. अशा वेळीं वृद्धांचें व बालकांचें अंग ओल्या फडक्यानें वारंवार पुसावें. तेथें विजेचा हिशेब करूं नये.

विद्यार्थिमित्रहो, आज आपल्या घरच्या मीटरवरील आंकडा वहींत लिहून ठेवा, व आठ दिवसांनीं पुन्हा पाहा. मग वडिलांच्या अनुमतीनें वरील उपायांपैकीं एक-दोन करून आणखी आठ दिवसांचा आंकडा घ्या. दोहोंतील अंतर तुम्हांस आमच्या लेखाहून अधिक शिकवील.