आईचे मंगळसूत्र आणि स्पेनची सहल

गेल्या आठवड्यात वस्तीतला एक विद्यार्थी आमच्याकडे आला. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, वडील मार्केट यार्डात हमाली करतात. हातात चकचकीत माहितीपत्रक. विषय 'सोशल आंत्रप्रेन्युअरशिप आणि इनोव्हेशन', म्हणजे समाजाची अडचण सोडवणारा धंदा कसा उभा करावा याचे शिक्षण. स्पेनमध्ये सहा आठवडे, मोन्द्रागोनच्या सहकारी कारखान्यांना भेटी. फी चार लाख दहा हजार, विमानभाडे वेगळे. "सर, आई मंगळसूत्र मोडायला तयार आहे. जाऊ का?"

आम्ही त्याला लगेच नाही म्हणालो नाही. कारण मोन्द्रागोन हे गाव खरोखर पाहण्यासारखे आहे, आणि त्याची कथा आमच्या पोरांनी ऐकलीच पाहिजे.

स्पेनच्या उत्तरेला बास्क लोकांचा डोंगराळ प्रदेश. यादवी युद्धात हरलेला, जनरल फ्रँकोच्या राजवटीत दडपलेला. 1941 साली तिथे होसे मारिया आरिस्मेंदियारिएता नावाचा तरुण पाद्री आला. युद्धात तो हरलेल्या बाजूचा पत्रकार होता, तुरुंगही भोगलेला. त्याने आधी कारखाना काढला नाही. 1943 साली कामगारांच्या मुलांसाठी तंत्रशाळा काढली. त्याच्या हाताखाली शिकलेल्या पाच जणांनी 1956 साली स्वतःच्या आडनावांची अक्षरे जोडून 'उल्गोर' ही कंपनी उभी केली आणि रॉकेलचे स्टोव्ह बनवायला घेतले. शाळा आणि कारखाना यांच्यात तेरा वर्षे गेली! आमच्याकडे तेरा महिने थांबायची कोणाची तयारी नसते.

पुढची गोष्ट वकील म्हणून आम्हाला जास्त भावते. हे कामगार स्वतःच मालक, म्हणून ते नोकरदार नव्हेत, असे सांगून सरकारने त्यांना सामाजिक सुरक्षेच्या योजनेतून बाहेर काढले. त्यांनी निवेदने देत बसण्याऐवजी स्वतःची विमा व निवृत्तीची व्यवस्था उभारली. 1959 साली स्वतःची बँकही काढली. एका सभासदाला एकच मत, भाग कितीही असोत. वरच्या आणि खालच्या पगारातले अंतर साधारण सहापटीच्या आत. सगळेच गोड आहे असेही नाही. 2013 साली त्यांची घरगुती उपकरणांची मोठी कंपनी 'फागोर' बुडाली आणि 2022 साली दोन मोठ्या संस्था समूहातून बाहेर पडल्या. पण फागोर बुडाली तेव्हा तिच्या अनेक सभासदांना इतर सहकारी कारखान्यांनी सामावून घेतले. आपल्याकडे कारखाना बंद पडला की कामगार वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवतो, हे आम्ही रोज पाहतो.

1997 साली तिथे विद्यापीठ झाले, तेही सहकारी. 2009 पासून तिथे उद्योजकतेची एक पदवी आहे. तीत विद्यार्थी पहिल्याच वर्षी गट करून स्वतःची कंपनी काढतात, खऱ्या गिऱ्हाइकाला माल विकतात आणि नफातोटा अंगावर घेतात. म्हणजे शिक्षण असे. सहा आठवडे बसमधून कारखाने पाहणे ही सहल झाली. तिच्यासाठी आईचे मंगळसूत्र जाता कामा नये.

मग गरिबाच्या पोराने जायचे कसे? केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीत 125 जागा, त्यातल्या 115 अनुसूचित जातींसाठी. पण ती पदव्युत्तर आणि पीएच.डी.ला, पदवीच्या अभ्यासक्रमाला तीत जागाच नाही. राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीही पदव्युत्तरपासूनच सुरू होते. म्हणजे एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा, ज्याच्या मनात धंद्याची कल्पना याच वयात उगवते, त्याला सरकार सांगते की आधी पदवी घे, मग बघू. श्रीमंताच्या मुलाचे सत्र मात्र बापाच्या खिशातून परदेशी होते. अशा अल्प मुदतीच्या शिक्षणासाठी दोनशे-तीनशे जागा काढल्या तर तिजोरी रिकामी होईल काय?

बाबासाहेब 1913 साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले, तेव्हा महिना साडेअकरा पौंड मिळत होते. आमच्या लोकांना हे पाठ आहे. परत आल्यावर त्यांनी मुंबईत शेअर्सच्या व्यवहारात सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता, हे मात्र फार कोणी सांगत नाही. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली आणि तो बंद करावा लागला. अर्थशास्त्रातला एवढा अधिकारी माणूस, पण बाजाराने त्याची पदवी न पाहता जात पाहिली. परदेशातले गुरुजी गिऱ्हाइकाची गरज ओळखायला शिकवतील. गिऱ्हाईक आडनाव विचारून परत फिरले तर काय करायचे, हे त्यांच्या पुस्तकात नसते. मोन्द्रागोनवाल्यांनी बँक स्वतःच्या हातात का ठेवली, ते म्हणूनच नीट समजून घ्यावे.

त्या मुलाला आम्ही तीन कामे दिली. एक, विद्यापीठाला थेट पत्र लिहून हा वर्ग त्यांचा आहे की मधल्या माणसाचा, हे विचारणे. दोन, फी माफीची चौकशी. तीन, आपल्या तालुक्यात मागासवर्गीयांची एखादी औद्योगिक सहकारी संस्था कागदावर तरी आहे का, असेल तर तिची उपविधी आणि ताळेबंद मिळवून आणणे. तिसरे काम ऐकून तो जरा नाराज झाला. "सर, मला स्पेनला जायचंय आणि तुम्ही मला निबंधकाच्या ऑफिसात पाठवताय," म्हणाला.

रविवारी तो ताळेबंद घेऊन येणार आहे. दागिना तोवर आईच्या गळ्यातच राहील, असे त्याने कबूल केले आहे.