रॉकफेलरचा पैसा आणि अनवाणी पाय

पायाच्या बोटांमध्ये खाज, फिकट चेहरा, थोड्या कामानेही लागणारी धाप. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत अशी माणसे गावोगावी दिसत. त्यांना सरसकट आळशी म्हटले जाई. चार्ल्स स्टाइल्स या प्राणिशास्त्रज्ञाने 1902 मध्ये या ‘आळसा’मागे अंकुशकृमी असल्याचे सांगितले, तेव्हा वृत्तपत्रांनी ‘आळसाचा जंतू’ म्हणून त्याची थट्टाच केली.

थट्टा करण्यासारखे त्यात काही नव्हते. उघड्यावर शौचाला बसण्याच्या जागी, ओलसर मातीत या कृमीच्या अळ्या वाढतात. अनवाणी पायाच्या कातडीतून त्या शरीरात शिरतात, रक्तावाटे फुप्फुसात जातात, तिथून घशात येऊन गिळल्या जातात आणि शेवटी आतड्याला चिकटून रक्त शोषतात. रक्तक्षय झालेले मूल वर्गात पेंगते, यात नवल ते काय!

1909 मध्ये स्टँडर्ड ऑइलचे सर्वेसर्वा जॉन डी. रॉकफेलर यांनी या रोगाविरुद्ध 10 लाख डॉलर दिले. दक्षिणेत अनेकांना हा अपमान वाटला. म्हातारा आता बुटांच्या धंद्यात उतरणार, अशी अफवाही उठली. तरीही 11 राज्यांत मोहीम सुरू झाली. गावातल्या तात्पुरत्या दवाखान्यांपुढे जत्रेसारखी गर्दी होई. लोक सूक्ष्मदर्शकातून कृमीची अंडी पाहत. औषध होते थायमॉल, म्हणजे ओव्याला ज्याचा उग्र वास येतो तो पदार्थ, आणि त्यावर रेचक. थायमॉल जास्त झाले तर विषारी, त्यामुळे मात्रा जपून द्यावी लागे. मुलांच्या पाहणीत सुमारे 40 टक्के बाधित आढळली. पाच वर्षांत जवळपास 7 लाख लोकांवर उपचार झाले.

रोग मात्र संपला नाही. संडास नव्हते तिथे औषध घेतलेला माणूस पुन्हा त्याच मातीत अनवाणी चालत होता. मोहिमेची खरी कमाई वेगळीच : जेमतेम चालणारी राज्यांची आरोग्य खाती तिच्यामुळे उभी राहिली. जिथे कृमींचा प्रादुर्भाव जास्त होता, तिथेच पुढे मुलांची शाळेतली हजेरी अधिक वाढली, असे अर्थतज्ज्ञ होइट ब्लीकली यांनी 2007 मध्ये दाखवून दिले.

या पैशाची दुसरी बाजूही त्याच काळातली. 1911 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मक्तेदारीसाठी स्टँडर्ड ऑइलचे तुकडे केले. 1914 मध्ये कोलोरॅडोत लडलो येथे, रॉकफेलर कुटुंबाचे वर्चस्व असलेल्या कंपनीच्या संपकरी खाणकामगारांच्या तंबूंवर हल्ला झाला. तंबूखालच्या खड्ड्यात लपलेली 11 मुले आणि दोन स्त्रिया मरण पावल्या. रॉकफेलर फाउंडेशनला सनद देण्याबाबत अमेरिकन संसद त्याआधीच बिचकली होती. अखेर 1913 मध्ये ती न्यूयॉर्क राज्याने दिली.

याच फाउंडेशनने पुढे पीतज्वराची लस शोधणाऱ्या मॅक्स थायलर यांची प्रयोगशाळा पोसली. डास-गोचिडांमार्फत पसरणाऱ्या विषाणूंचा शोध घेण्यासाठी 1952 मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या जोडीने पुण्यात केंद्रही काढले. 1957 मध्ये क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली, तेव्हा त्या तापाचा विषाणू याच केंद्राने शोधला. फाउंडेशनने साठच्या दशकात हात काढून घेतला आणि खर्च सरकारकडे आला. हीच आजची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था; 2020 मध्ये भारतात कोरोनाचा विषाणू प्रथम वेगळा केला गेला तो तिथेच.