इसब: मेडिकलच्या ट्यूबपासून नव्या इंजेक्शनपर्यंत

आज बोलूया इसबाबद्दल, म्हणजे अटॉपिक एक्झिमा. मी मालेगावचा. पॉवरलूमच्या गावात घाम आणि कापसाची धूळ दोन्ही भरपूर. नाजूक त्वचेची खाज त्यानं आणखी भडकते.

इसब लागट नाही. त्वचेचा बांध कच्चा असतो. फिलॅग्रिन जीनमधल्या बदलांशी त्याचं नातं 2006 मध्ये समोर आलं. ओलावा निघून जातो, बाहेरचं आत शिरतं आणि रोगप्रतिकारशक्ती उगाच अलार्म वाजवत बसते.

म्हणून पाया एकच: अंघोळीनंतर लगेच मॉइश्चरायझर, रोज. भडका उडाला की स्टेरॉइड क्रीम, पण डॉक्टर सांगतील तेवढेच दिवस. चेहऱ्यासाठी टॅक्रोलिमससारखी बिनस्टेरॉइडची मलमं आहेत.

एवढ्यानं भागलं नाही तर? डुपिलुमॅब हे इंजेक्शन आयएल-4 आणि आयएल-13 हे दोन अलार्म अडवतं. अमेरिकेत त्याला 2017 मध्ये मंजुरी मिळाली. उपाडासिटिनिब, अब्रोसिटिनिब या जेएके गोळ्यांना 2022 मध्ये. त्या लवकर काम करतात, पण आधी टीबीसकट तपासण्या लागतात. 2024 मध्ये नेमोलिझुमॅब आलं, ते थेट खाजेचाच सिग्नल रोखतं.

आता खरी काळजीची गोष्ट. आपल्याकडे सर्रास मिळते ती स्टेरॉइड, अँटिबायोटिक, बुरशीनाशक अशी मिक्स ट्यूब. चार दिवस बरं वाटतं, मग त्वचा पातळ होते. इसब समजून ती गजकर्णावर लावली तर ते पसरतं. 2018 मध्ये सरकारनं अनेक स्टेरॉइड मलमं शेड्यूल एच मध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत.

तेव्हा ट्यूब मागण्याआधी त्वचेच्या डॉक्टरांना एकदा दाखवा.