श्रावण पाळतोय, बॉस!

गटारीला दणक्यात निरोप, मग महिनाभर कडक श्रावण आणि श्रावण सुटला की पुन्हा ‘बसायचं का?’ दरवर्षीचं हे चक्र २०२५ मध्ये मात्र आमच्या फ्लॅटमध्ये तिसऱ्याच दिवशी अडकलं...

‘‘बसायचं का?’’

शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला मोबाइलवर हा मेसेज आला, की समजायचं वीकेंड सुरू झाला. कुठे बसायचं, कशाला बसायचं, असले प्रश्न कुणी विचारत नाही. आपल्या मराठीची गंमतच आहे बघा. आपण दारू कधी पीतच नाही. आपण ‘बसतो’. आपण ‘घेतो’. लग्नाच्या बोलणीतही विचारतात, ‘‘मुलगा घेतो का?’’ आणि उत्तर ठरलेलं, ‘‘कधीतरी. सोशली.’’

मीही असाच सोशली घेणारा. वय २९, हिंजवडीत नोकरी, वाकडला तिघांत मिळून भाड्याचा फ्लॅट. शुक्रवारी बसायचं, कारण आठवडा संपला. शनिवारी बसायचं, कारण उद्या रविवार. आणि बुधवारी एखादी बिअर, कारण हा आठवडा काही संपतच नाहीये!

तरीही आपल्याला काही प्रॉब्लेम नाही, याचा माझ्याकडे पक्का पुरावा होता. श्रावण! सलग पाच वर्षं मी श्रावणात थेंबालाही शिवलो नव्हतो. ज्याला प्रॉब्लेम असतो त्याला अख्खा महिना सोडता येते का? फंडा एकदम सिंपल होता.

दिव्यांची अमावास्या

२०२५ मधली आषाढ अमावास्या २४ जुलैला, गुरुवारी आली. संध्याकाळी आईचा फोन. तिने घरातले सगळे दिवे चिंच लावून लख्ख घासले होते, पाटावर मांडून पूजा केली होती, कणकेचे गोड दिवे उकडले होते. या दिवसाचं खरं नाव दीप अमावास्या. गटारी हे आपलं नाव.

‘‘तुमचं काय चाललंय तिकडे?’’ आईने विचारलं.

‘‘काही नाही गं, ऑफिसचंच काम.’’

इकडे गॅसवर चिकन शिजत होतं आणि फ्रिजमध्ये स्टॉक भरलेला होता. महिनाभर मिळणार नाही म्हणून महिन्याचा कोटा एका रात्रीत संपवायचा, हा आमचा गटारीचा हिशेब. रात्री एकच्या सुमाराला आमचा तिसरा रूममेट ग्लास ठेवून म्हणाला, ‘‘यंदा मीपण श्रावण पाळणार.’’

आम्ही दोघं खो खो हसलो. हा आमच्यातला सगळ्यात मोठा, ३४ वर्षांचा. त्याची कपॅसिटी अख्ख्या ग्रुपमध्ये फेमस. सगळे आडवे झाले तरी हा सरळ उभा राहून सगळ्यांच्या कॅब बुक करणार. तो आणि श्रावण? मीच पैज लावली. जो आधी मोडेल त्याने सगळ्यांना बिर्याणी द्यायची.

शनिवारचा चहा

शुक्रवार कसाबसा गेला. तो चिडचिडा झाला होता, घाम येत होता. आम्हाला वाटलं, हँगओव्हर असेल.

शनिवारी सकाळी त्याने चहाचा कप दोन्ही हातांनी धरला. तरी चहा बशीत सांडला. ‘‘एका दिवसात हे हाल? बिर्याणीची ऑर्डर देऊ का?’’ मी म्हणालो. हे वाक्य मी म्हणालो, हे इथे मुद्दाम लिहितोय.

दुपारी तो दोन-तीनदा उठून दार उघडून आला. ‘‘बेल वाजली ना?’’ बेल वाजलीच नव्हती. चौथ्यांदा तो दारात उभं राहून कुणाशी तरी बोलायला लागला. बाहेर कोणीच नव्हतं. तेव्हा मात्र आमची फाटली. रिक्षा केली आणि हॉस्पिटल गाठलं.

डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘‘शेवटची कधी घेतली? आणि रोज किती घेतात?’’

‘‘रोज नाही डॉक्टर, आम्ही वीकेंडलाच...’’ मी सांगायला लागलो.

‘‘रोज,’’ तो खाली बघत म्हणाला. ‘‘एक क्वार्टर. कधी दीड.’’

दोन वर्षं आम्ही एका फ्लॅटमध्ये राहत होतो. मधे फक्त एक भिंत. जेवण झालं की तो ‘उद्या लवकर उठायचंय’ म्हणून दार लावून घ्यायचा. आम्हाला काही म्हणजे काहीच कळलं नाही.

डॉक्टरांनी मग आम्हाला बाजूला घेऊन समजावलं. दारू मेंदूचं काम मंदावते. रोज पिणाऱ्याचा मेंदू त्याची भरपाई म्हणून स्वतःचा अॅक्सिलरेटर कायम दाबून ठेवायला शिकतो. दारू अचानक थांबली, की ब्रेक गेला आणि अॅक्सिलरेटर तसाच राहिला! मग हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. साधारण पहिल्या दोन दिवसांत फिटही येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी भास, भ्रम सुरू होऊ शकतात आणि उपचार नाही मिळाले तर जिवावर बेतू शकतं. रोजची सवय असेल तर दारू डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं घेऊन सोडायची असते. ‘‘पैज लावून सोडायची गोष्ट नाही ही,’’ डॉक्टर म्हणाले. पैजेचं त्यांना कुणी सांगितलं, मला माहीत नाही.

त्याला सहा दिवस अॅडमिट ठेवलं. मेंदू शांत ठेवणारी औषधं सुरू झाली, बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं दिली, कारण सततच्या दारूने शरीरात ते कमी पडतं. आणि कपॅसिटी? डॉक्टरांच्या भाषेत तिला टॉलरन्स म्हणतात. पूर्वीइतक्या दारूने काही होईनासं होणं ही मर्दुमकी नाही, शरीराला सवय लागल्याची ती खूण आहे. ज्या गोष्टीसाठी आम्ही त्याच्या पाठीवर थाप मारायचो, तेच त्याच्या आजाराचं लक्षण होतं.

सोशली म्हणजे किती मिली?

‘‘आणि तुम्ही?’’ निघताना डॉक्टरांनी मला विचारलं.

‘‘सोशली.’’

‘‘सोशली म्हणजे किती मिली?’’

मला सांगताच येईना. पेग मोजतो आपण, मिली कोण मोजतंय? त्या रात्री घरी येऊन पहिल्यांदाच मी कॅल्क्युलेटर काढला.

आपल्याकडच्या व्हिस्कीच्या लेबलवर बहुतेक वेळा ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. म्हणजे ६० मिलीच्या एका लार्जमध्ये साधारण २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. जागतिक आरोग्य संघटना १० ग्रॅम म्हणजे एक ड्रिंक धरते. म्हणजे आपण ज्याला ‘एक’ म्हणतो, ते मुळातच दोन! ‘आज फक्त बिअर’ म्हणून मागवलेली ६५० मिलीची बाटली आठ टक्के स्ट्राँगवाली असेल, तर तिच्यात ४० ग्रॅम. म्हणजे चार.

माझा आठवडा असा निघाला. शुक्रवारी तीन लार्ज, शनिवारी तीन, बुधवारी एक स्ट्राँग बिअर. एकूण १६० ग्रॅम. सोशली घेणारा मी आठवड्याला १६ ड्रिंक्स घेत होतो. एक ग्रॅम अल्कोहोलच्या सात कॅलरी, म्हणजे जवळपास ११०० कॅलरी. चखना वेगळा आणि रात्री दीडची अंडा बुर्जीही वेगळी! मग यूपीआयची हिस्टरी उघडली. जून महिन्यात बार, वाइन शॉप आणि परतीच्या कॅब मिळून ८,७४० रुपये. त्याच महिन्यात ‘परवडत नाही’ म्हणून मी स्विमिंगची मेंबरशिप सोडली होती.

आणि जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्टच सांगून टाकलंय, की दारूची ‘सुरक्षित’ अशी कुठलीच पातळी नाही. दारूचा समावेश कॅन्सरला कारण ठरणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात १९८८ मध्येच झालाय. त्या गटात तंबाखूही आहे.

तीस दिवस, नीट बघून

उरलेला श्रावण मी पाळला. पण आधीची पाच वर्षं मी फक्त दिवस ढकलत होतो, या वेळी नीट बघत होतो.

पहिला आठवडा वाईट. झोप लागायची नाही, रात्री गोड खावंसं वाटायचं. दहाव्या दिवसानंतर मात्र झोप सॉलिड सुधारली. यामागे साधं कारण आहे. दारूने झोप पटकन लागते खरी, पण स्वप्नांची झोप कमी होते आणि उत्तररात्री झोप सारखी मोडते. शनिवारी सकाळी अकराला उठूनही आपण थकलेले का असतो, ते कळलं. महिन्याअखेर वजन दीड किलोने उतरलं.

हे माझ्या एकट्याचं झालं. पण लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी असाच एक महिना दारू सोडलेल्या ९४ जणांना तपासलं होतं. २०१८ मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात त्यांचं वजन आणि ब्लडप्रेशर उतरलं होतं, इन्सुलिनला होणारा शरीराचा विरोध सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाला होता. ब्रिटनमध्ये २०१३ पासून ‘ड्राय जानेवारी’ची मोहीम चालते. आपल्याकडे श्रावण त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. फरक इतकाच, की आपण तो गटारीने सुरू करतो आणि सुटल्यावर सगळी थकबाकी वसूल करतो.

सगळ्यात अवघड काय होतं सांगू? चव नाही, नशाही नाही. संध्याकाळचे साडेसात! लॅपटॉप बंद केल्यावर पुढे करायचं काय, हेच मला येत नव्हतं. ऑफिस संपलं हे शरीराला सांगायला मला ग्लास लागायचा. पहिले काही दिवस नुसता बाल्कनीत उभा राहायचो. मग चालायला जायला लागलो. चालताना आईला फोन करायला लागलो. दुसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, ‘‘हल्ली शुक्रवारीपण फोन करतोस रे!’’ म्हणजे तिला माहीत होतं. कधीपासून, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

‘नको’ला कारण लागतं

ऑगस्टमध्ये टीमची पार्टी झाली. ‘‘श्रावण पाळतोय,’’ म्हटलं की विषय संपला. बॉसनेच माझ्यासाठी फ्रेश लाइम सोडा मागवला. श्रावणाशी कुणी वाद घालत नाही.

टीममधली एक मैत्रीण घेत नाही. कधीच. ती म्हणाली, ‘‘तुझं बरंय. मी नको म्हटलं की लगेच विचारतात, गोळ्या सुरू आहेत का? गुड न्यूज आहे का? मला फक्त नको असतं रे.’’

खरंच की! ‘घेतो’ म्हणायला आपल्याला कारण लागत नाही, ‘नको’ म्हणायला लागतं. श्रावण हे वर्षातून एकदा मिळणारं, सगळ्यांना मान्य असलेलं कारण. उरलेले अकरा महिने काय करायचं?

श्रावण सुटला!

२४ ऑगस्टला, रविवारी सकाळी ग्रुपवर मेसेज पडला. ‘‘श्रावण सुटला! बसायचं का?’’

रूममेट हॉलमध्येच पेपर वाचत होता. त्याचा थोरला भाऊ येऊन राहिला होता, औषधं सुरू होती आणि रोज संध्याकाळी तो दारू सोडलेल्यांच्या मीटिंगला जात होता. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. मीच विचारलं, ‘‘आम्हाला एकदा तरी सांगायचंस ना?’’

तो जरा वेळाने म्हणाला, ‘‘कपॅसिटी सॉलिड आहे, म्हणायचात तुम्ही. मला बरं वाटायचं. मग कसं सांगणार?’’

ग्रुपवर मी लिहिलं, ‘‘आज नको.’’ कारण लिहिलं नाही. दोन प्रश्नचिन्हं आली, एक शिवी आली आणि मग ते आपापले बसले. एवढंच होतं!

मी साधू झालेलो नाही. सप्टेंबरमध्ये एका कलीगच्या सेंड-ऑफला बिअरचा एक पाइंट घेतला आणि घरी आलो. पण आता घरात बाटली नसते, आमच्या रूममेटसाठी आणि माझ्यासाठीही. आठवड्याच्या मधे काही नाही. आणि हिशेब पेगमध्ये नाही, मिलीमध्ये. कुणाच्या कपॅसिटीचं कौतुक तर बंदच. एखादा फारच चढत नाही असं दिसलं, तर मी आता त्याला दुसऱ्या दिवशी फोन करतो.

आणि बिर्याणी? ती मीच दिली. पैज हरलो होतो ना, त्याच शनिवारी, चहाच्या टेबलावर.

ट्राय करायचंय? मग हे वाचा

■ आधी मोजा, मग सोडा. एक आठवडा किती मिली झालं ते लिहून काढा. आकडा बघूनच अर्धं काम होतं.

■ रोज घेत असाल, सकाळी हात थरथरत असतील किंवा ‘उतारा’ लागत असेल, तर एकदम बंद करू नका. आधी डॉक्टरांना भेटा. सोडल्यावर फिट, भास किंवा गोंधळलेपणा दिसला तर थेट हॉस्पिटल.

■ नेहमीच्या वेळेला काहीतरी हातात ठेवा. कोकम सरबत, ताक, लिंबू सोडा, काहीही. आणि संध्याकाळी घराबाहेर पडा.

■ महिना सुरू होण्याआधी ‘गटारी’ करू नका. एका रात्रीत महिन्याचा कोटा म्हणजे शरीरावर महिन्याचा मार.

■ महिना जमला म्हणून स्वतःला सर्टिफिकेट देऊ नका. नाही जमला तर लपवू नका. मदत आहे. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून काम करतंय, अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या मीटिंगा अनेक शहरांत होतात आणि १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.