एआय शिक्षक आणि आपली अभ्यासिका

सहावीतल्या मुलाला विचारा, ०.३ मोठे की ०.२७? बरीच मुले ०.२७ म्हणतील, कारण तीनपेक्षा सत्तावीस मोठे. असे उत्तर देणारे मूल 'ढ' नसते. त्याला दशांश चिन्हामागची स्थानिक किंमत कळलेली नसते, एवढेच. पण भरलेल्या वर्गात बाई-गुरुजी फुली मारून पुढे जातात, आणि मूल 'मला गणित येत नाही' हे वाक्य घरी घेऊन येते. आपल्यापैकी कितीजणांचे गणित असेच सुटले, आठवून पाहा.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या, म्हणजे एआयच्या, मदतीने प्रत्येक मुलाला त्याच्या गतीने शिकवणे म्हणजे हीच चूक पकडणे. यंत्र उत्तर बरोबर की चूक एवढेच पाहत नाही. मूल कोणत्या प्रकारे चुकले हे ते तपासते आणि त्यानुसार पुढचा प्रश्न देते. मूल सहावीत असले तरी गरज असेल तर तिसरीच्या पायरीवरून सुरुवात होते.

याचा चांगला पुरावा दिल्लीचा आहे. तिथल्या सरकारी शाळांतील ६१९ मुलांवर 'माइंडस्पार्क' या संगणक कार्यक्रमाचा अभ्यास झाला. मोफत प्रवेश कोणाला, हे सोडतीने ठरले. (हा कार्यक्रम आजच्या चॅटबॉटसारखा नव्हता, पण मुलाच्या पातळीनुसार बदलणारा होता.) सहावीतली मुले गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती, नववीतली साडेचार. साडेचार महिन्यांत, प्रवेश मिळालेल्या मुलांनी गणितात आणि हिंदीत इतरांपेक्षा स्पष्ट जास्त प्रगती केली. याउलट प्रवेश न मिळालेल्यांपैकी सर्वांत मागची मुले नेहमीच्या वर्गात जवळपास काहीच पुढे सरकली नव्हती. माझ्या मते या अभ्यासातली सर्वांत बोचणारी गोष्ट हीच. ही मुले शाळेत जात होती, हजेरी लागत होती, फक्त शिकत नव्हती.

म्हणून एआयला सरसकट विरोध करणाऱ्या मित्रांशी मी सहमत नाही. पण डोळे झाकून स्वागतही नको.

तुर्कस्तानात सुमारे हजार विद्यार्थ्यांवर प्रयोग झाला. साधा चॅटबॉट हाताशी असताना सरावातले गुण खूप वाढले. तो काढून घेतल्यावर मात्र ती मुले, ज्यांना चॅटबॉट मिळालाच नव्हता त्यांच्याहूनही मागे पडली. उत्तर न देता फक्त इशारा देणारा चॅटबॉट ज्यांना दिला, त्यांचे हे नुकसान बरेचसे टळले. तेव्हा अॅप निवडताना ते उत्तर देते की विचार करायला लावते, हे आधी पाहा.

दुसरा धोका आपल्याला जास्त ओळखीचा आहे. २०२० मध्ये कोरोनामुळे इंग्लंडमध्ये बारावीच्या तोडीची परीक्षा रद्द झाली आणि श्रेणी एका संगणकीय सूत्राने दिल्या. त्या सूत्रात शाळेचे मागील वर्षांचे निकाल धरले होते. शिक्षकांनी सुचवलेल्या जवळपास ४० टक्के श्रेणी खाली आल्या. मागास वस्तीतल्या शाळेतले हुशार पोर शाळेच्या जुन्या निकालाने मोजले गेले. विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि चार दिवसांत सरकारने निर्णय मागे घेतला. ते एआय नव्हते, साधे संख्याशास्त्र होते. पण माणूस कोणत्या घरातून, कोणत्या वस्तीतून आला यावरून त्याची लायकी ठरवणे म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

म्हणून विहारातल्या अभ्यासिकेत कुणी असे अॅप घेऊन आला तर थेट विचारा. मुलाला तिसरीच्या पातळीवर ठेवले तर तिथून वर काढायची पुढची चाचणी कधी? मराठीतले प्रश्न मराठीत तयार केलेत की यंत्राने भाषांतर केलेत? मुलांची माहिती कुठे साठते? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे, ती लेखी घेतली जाते का?

आणि एक हिशेब. दिल्लीत रोजच्या ९० मिनिटांपैकी निम्मा वेळ संगणकाचा होता, निम्मा छोट्या गटाला शिकवणाऱ्या माणसाचा. संगणक देणगीतून येतील. उरलेल्या ४५ मिनिटांसाठी रोज संध्याकाळी मुलांजवळ कोण बसणार, त्यांची नावे या रविवारच्या वंदनेनंतर लिहून घ्या.