सरड्यांची शरीररचना व अधिवास

सरीसृप वर्गाच्या स्क्वॅमेटा गणात साप व सरडे यांचा समावेश होतो. यांपैकी नेहमीचा सरडा, पाल, सापसुरळी, घोरपड इ. प्राण्यांना व्यापक अर्थाने सरडे म्हणतात. जगात त्यांच्या सात हजारांहून अधिक जाती आहेत. हे प्राणी अनियततापी असल्यामुळे ऊन, सावली व निवाऱ्याची जागा यांवर त्यांचे सर्व जीवन अवलंबून असते. सरडा ज्या पृष्ठभागावर वावरतो, त्याचा ठसा त्याची बोटे, नख्या, शेपटी व डोळे यांवर उमटलेला दिसतो.

क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा असलेला अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्हा या अभ्यासास सोयीचा आहे. त्याच्या पश्चिमेस अकोले तालुक्यात सह्याद्रीची मुख्य रांग असून कळसूबाई हे राज्यातील सर्वोच्च शिखर (१,६४६ मी.) तेथेच आहे. घाटघर परिसरात वर्षाला पाच हजार मिमी.च्या आसपास पाऊस पडतो; पूर्वेकडे कर्जत व श्रीगोंदे या तालुक्यांत तो पाचसहाशे मिमी.वर येतो. सदाहरित व निमसदाहरित झाडी, उभे कडे, काटेरी झुडपांचे रान आणि गवताळ माळ असे सर्व प्रकार त्यामुळे एकाच जिल्ह्यात सापडतात.

कडे, गुहा व भिंती ही पालींची जागा. हेमिडॅक्टिलस वंशातील पालींच्या बोटांच्या तळाशी रुंद पटलिकांच्या ओळी असतात व प्रत्येक पटलिकेवर अतिसूक्ष्म, टोकाशी शाखा फुटलेले असंख्य रोम असतात. पाल चोषणाने किंवा चिकट द्रवाने भिंतीला चिकटते, ही समजूत चुकीची आहे. रोमांची टोके पृष्ठभागाच्या इतकी जवळ जातात की, रेणूंमधील व्हान डर व्हाल्स प्रेरणा पालीचे वजन पेलण्यास पुरेशा होतात. २००२ मध्ये प्रयोगाने हे दाखविले गेले. सह्याद्रीतील लेणी व किल्ले यांत आढळणारी हेमिडॅक्टिलस मॅक्युलेटस ही मोठी पाल या रचनेचे उत्तम उदाहरण होय. याच वंशातील हेमिडॅक्टिलस ग्रॅसिलिस ही सडपातळ पाल मात्र जमिनीवर राहते व तिच्या बोटांवरील पटलिका बऱ्याच लहान झालेल्या आहेत. सुट्या मातीवर त्यांचा फारसा उपयोग नसतो. पठारावर रात्री फिरणारी बिबट्या पाल (यूब्लेफॅरिस फस्कस) तर पटलिकांशिवायच असते. तिला हलणाऱ्या पापण्या असून जाड शेपटीत मेदाचा साठा असतो. खेड्यापाड्यांत ती विषारी समजून मारली जाते, वास्तविक ती पूर्णपणे निरुपद्रवी आहे.

घोरपडीच्या (व्हॅरॅनस बेंगॉलेन्सिस) पकडीची रीत निराळी आहे. तिला पटलिका नसतात. वाकड्या, बळकट नख्या ती खडकाच्या भेगेत किंवा झाडाच्या सालीत रुतविते. धोका वाटल्यास ती फटीत शिरून अंग फुगविते व मग तिला ओढून काढणे कठीण होते. सिंहगडाच्या लढाईतील (१६७०) घोरपडीची कथा याच पकडीवरून रचली गेली असावी. पकड खरी, बाकीचा भाग दंतकथेचा. त्याच नख्या बिळे उकरण्यासही कामी येत असल्याने ही जात जंगल, शेतीचे बांध व माळ अशा सर्व ठिकाणी आढळते.

काटेरी झुडपांत राहणाऱ्या घोयरा सरड्याची (कॅमेलिऑन झेलॅनिकस) रचना मात्र एकाच कामाला जखडलेली आहे. त्याची बोटे दोन व तीन अशा समोरासमोरच्या गटांत जुळलेली असल्यामुळे पाऊल चिमट्यासारखे डहाळी धरते व परिग्राही शेपटी पाचव्या पायाचे काम करते. जमिनीवर तो अतिशय मंद व असहाय असतो. पालापाचोळा व भुसभुशीत माती यांत वावरणाऱ्या काही सापसुरळ्यांचे पाय अगदी आखूड असतात. त्या गुळगुळीत खवल्यांच्या लांबट अंगाची नागमोडी हालचाल करून मातीत घुसतात.

उघड्या माळावर आडोसा थोडा व अंतरे मोठी असतात. येथील ऑफिसॉप्स वंशातील लहान सरड्यांच्या पापण्या एकमेकींस जुळून पारदर्शक झालेल्या असतात. डोळा उघडा दिसतो, पण त्यावर सापाप्रमाणे चष्मा चढलेला असतो. माळाचे खरे रहिवासी म्हणजे पंखकंठी सरडे. नराच्या गळ्याखाली कातडीची पंख्यासारखी उघडणारी घडी असते, त्यावरून हे नाव पडले. त्यांचे मागील पाय लांब असून त्यांना पाचाऐवजी चारच बोटे असतात. वेगाने धावताना ते अंगाचा पुढील भाग उचलून दोन पायांवर पळतात. पावसाळ्यापूर्वी नर दगडावर चढून गळ्याचा पंखा उघडझाप करतात. सभोवार दाट झाडी असती, तर ही खूण दूरवर दिसलीच नसती. हे सर्व पूर्वी सिटाना या एकाच वंशात गणले जात. २०१६ मध्ये त्यांतील मोठ्या व अधिक भडक रंगाच्या जाती वेगळ्या करून त्यांच्या वंशाला मराठी शब्दावरून ‘सरडा’ हेच शास्त्रीय नाव देण्यात आले. मायोसीन काळात द्वीपकल्प कोरडे होत गेले, त्याच्याशी या गटाच्या विविधतेचा संबंध जोडला जातो.

अर्थात रचना व अधिवास यांचा मेळ सर्वत्र इतका घट्ट नसतो. बागेतील नेहमीचा सरडा (कॅलोटिस व्हर्सिकलर) कुंपण, झाड, बांध कोठेही राहतो. तसेच चार बोटे हे लक्षण पंखकंठी सरड्यांना समान पूर्वजापासून मिळालेले आहे. प्रत्येक जातीने ते स्वतंत्रपणे मिळविलेले नाही.

सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडीच्या पठारावर भारतीय विज्ञान संस्थेच्या मारिया ठाकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी सु. चौपटीने कमी आढळले व ‘सरडा सुपर्बा’ या जातीची संख्या वाढलेली दिसली. मात्र तेथील सरडे माणसाला अधिक जवळ येऊ देत, त्यांच्या रक्तातील ताणाचे हॉर्मोन कमी होते, अंगाने ते कृश होते आणि नरांचे रंग फिकट होते. म्हणजे भूमी तीच राहिली, तरी भक्षक नाहीसे झाल्याने रंग व वर्तन बदलले. अहिल्यानगर जिल्ह्यातही पारनेर तालुक्यात सुप्याजवळील कवड्या डोंगरावर पवनचक्क्या आहेत.

माळाची गणना ‘पडीक’ जमिनीत करण्याची रूढी आहे. त्यामुळे तो नांगरला जातो किंवा वनीकरणाच्या नावाखाली तेथे गिरिपुष्पासारखी झाडे लावली जातात. दाट सावलीत जमीन तापत नाही, उंचवट्यावरील नर दिसत नाही व लांब पायांचा वेग निरुपयोगी ठरतो. झाडावर चढून राहण्यास लागणारी बोटे या सरड्यांना नाहीत. कर्जत तालुक्यातील रेहेकुरी येथील काळवीट अभयारण्यामुळे (स्थापना १९८०) असा थोडा माळ राखला गेला आहे. त्याचे क्षेत्रफळ सु. २.१७ चौ. किमी. आहे.